गूढ शब्दकोडे: उत्तर जुळले, पण फोड लागत नाही

प्रश्न

गूढ शब्दकोडी, म्हणजे ज्यांच्या शोधसूत्रात उत्तराचा अर्थ आणि अक्षरांचा खेळ दोन्ही दडलेले असतात अशी कोडी, सोडवायला लागून मला वर्ष होत आले, पण सध्या हाती असलेल्या कोड्यातली दोन शोधसूत्रे काही केल्या उलगडत नाहीत.

आडवे ७: 'करुणा उलटली आणि उरले कृष्णाचे कूळ (३)', कंसातला आकडा अक्षरांचा. उभ्या शब्दांतून पहिले अक्षर 'या' आणि शेवटचे 'व' मिळाल्यामुळे मी 'यादव' असे लिहिले. करुणा म्हणजे दया, आणि दया उलटली की 'याद', इथवर समजले. मात्र शेवटचा 'व' कुठून आला हे दोन दिवस डोके खाजवूनही कळलेले नाही. कृष्ण म्हणजे वासुदेव असे धरून आद्याक्षर घ्यावे, तर ते 'वा' होते, आणि शिवाय आद्याक्षर घ्या असे सुचवणारा शब्दही तिथे नाही.

उभे ४: 'माणसात गंधार भिनला, शहर झाले (३)'. शेवटचे अक्षर 'र' आहे. गांधारी, शकुनी असे सगळे आठवून झाले. याचे उत्तर थेट न सांगता वाट तेवढी दाखवावी, ही विनंती.

प्रतिसाद १

तुमचा 'व' तुमच्या डोळ्यांसमोरच आहे: 'आणि'. या अर्थाने 'व' आपण रोज लिहितो, पण शोधसूत्र वाचताना 'आणि' हा नुसता जोडणारा शब्द आहे असे गृहीत धरून नजर त्याच्यावरून पुढे सरकते, आणि कोडेकाराला नेमके तेच हवे असते. करुणा उलटून 'याद', पुढे 'आणि'चा 'व', आणि 'उरले' हा शब्द ही जुळणी व्याख्येला, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ सांगणाऱ्या 'कृष्णाचे कूळ' या भागाला, जोडून देतो. चांगल्या शोधसूत्रात एकही शब्द भरतीचा नसतो, म्हणून एखादे अक्षर कमी पडले की आधी असे बारीकसारीक शब्द तपासावेत. 'किंवा'चा 'वा' होतो, 'नाही'चा 'न' होतो, 'सह'चा 'स' होतो. 'किंवा माणूस' असे दिसले तर 'वानर' आठवावा.

उभ्या ४ साठी एवढेच सांगतो की महाभारत मिटवून ठेवा आणि पेटी उघडा.

प्रतिसाद २

वरची फोड अचूक आहे, पण व्याख्येबद्दल माझी हरकत आहे. यादव म्हणजे यदूचा वंशज. ते कुळातल्या माणसाचे नाव झाले, कुळाचे नव्हे. 'यादव कूळ' असे आपण म्हणतो ते विशेषण म्हणून. 'करुणा उलटली आणि उरला यदूचा वंशज' असे लिहिले असते, तर सोडवणाऱ्यावर कसलाही अन्याय झाला नसता. ही काटेकोर अपेक्षा मला महत्त्वाची वाटते, कारण फसवण्याची मुभा फक्त वाक्याच्या वरवरच्या अर्थाला असते, व्याख्येला नसते.

उलटवण्याबद्दलही एक सांगावेसे वाटते. आपण ध्वनी उलटवत नाही, अक्षर उलटवतो: काना, मात्रा, वेलांटी आपल्या व्यंजनाला धरूनच राहते आणि जोडाक्षर एकाच घरात बसते. हा संकेत जुनाच आहे. 'साक्षराः' विपरीत झाले की 'राक्षसाः' होतात, 'सरस' मात्र उलटला तरी सरसच राहतो, हे सुभाषित याच हिशेबावर उभे आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे, म्हणजे कूटप्रश्नांचे, १६ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी 'वंचिता' हा एका अर्थाने रूढ असलेला शब्द दुसऱ्या अर्थाने वापरून चकवणारा प्रकार, आणि तुमचा गंधार त्याच जातीचा आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

पेटीचा उल्लेख वाचताक्षणी उलगडले. गंधार हा स्वर म्हणजे 'ग', माणूस म्हणजे 'नर', आणि नराच्या पोटात 'ग' गेला की 'नगर'. 'भिनला' हा शब्द मी अलंकार समजून सोडून दिला होता. तो तर चक्क अक्षर कुठे घालायचे ते सांगत होता.

व्याख्येवरची हरकत मला पटली. 'कूळ' या शब्दामुळे मी बराच वेळ 'यदुकुल' हेच उत्तर धरून बसलो होतो आणि ते तीन घरांत बसत नाही म्हणून शोधसूत्रालाच दोष देत होतो.

उरलेले आडवे १२ आता एकेक शब्द धरून पुन्हा वाचले: 'पाढ्यातल्या दोनापुढे वेल उलटून अनिर्बंध झाली (३)'. पाढ्यातले दोन म्हणजे 'बे', वेल म्हणजे लता, ती उलटून 'ताल'. 'बेताल' लिहिले, आणि त्याच्या 'ता'वरून उभे ९ सुद्धा सुटले.