दुधाचे पैसे पालकांच्या खात्यात?

वर एकांनी लिहिलंय की शाळेत दूध वाटायची कटकट नको, अनुदान थेट पालकांच्या खात्यात टाका. नाही पटलं. घरात आलेलं दूध पोराच्या पोटात जाईलच असं नाही, आधी चहा होतो. आमच्या नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा-पेठकडे तर नक्कीच.

आणि हा प्रयोग थोड्या वेगळ्या रूपात आपल्याकडे झालाय. २०१८ मध्ये दुधाचे भाव पडले, पावडरीचे साठे पडून राहिले, तेव्हा सरकारने पोषण आहारातल्या मुलांना महिन्याला २०० ग्रॅम दूध पावडरचं पाकीट घरी द्यायचं ठरवलं, तेही तीन महिनेच. म्हणजे सोय कोणाची बघितली ते कळतंच. कर्नाटकात क्षीरभाग्य योजना २०१३ पासून आहे. तिथे १८ ग्रॅम पावडरीचं १५० मिली दूध शाळेतच करून देतात. त्या हिशोबाने आपलं पाकीट म्हणजे अकरा पेले, तेही घरात कोणी वाटेकरी नसेल तर!

शाळेत करायचं तर स्वयंपाकीण ताईंच्या मानधनाचं आधी बघा. पावडर एकदम उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. कोमट पाण्यात कालवून, मग पातेल्यात ओतून ढवळत बसावं लागतं. शंभर पोरांचं दूध, वर पेले विसळायचे, ते खिचडी सांभाळून. अनुदानाच्या हिशोबात दूध असतं, सिलिंडर आणि ही मेहनत कुठे धरलेली असते?