जीपीएम म्हणजे नक्की कुठला गॅलन? पंपाचं गणित जुळत नाहीये

भोसरीचा_फिटर
नमस्कार मंडळी. भोसरीत एका छोट्या वर्कशॉपला आहे, पंपाचे स्किड बनवतो आम्ही, बेसप्लेट पाइपिंग पॅनल सगळं. आता इंग्लंडच्या एका जुन्या प्लांटची ऑर्डर आलीये आणि त्यांनी साठच्या दशकातल्या ड्रॉइंगची स्कॅन कॉपी पाठवलीये, त्यावर 500 जीपीएम (मिनिटाला गॅलन) आणि 100 फूट हेड (पंपाने पाणी किती उंच चढवायचं ते) एवढंच दिसतंय, बाकी कोपरे पुसट झालेत. पंपवाल्याचा कर्व्ह, म्हणजे किती पाण्याला किती हेड मिळतं तो आलेख, पण जीपीएममध्येच आहे, तो अमेरिकन कंपनीचा. साहेब म्हणतात दोन्हीकडे जीपीएम आहे ना, मग कन्व्हर्ट कशाला करायचं, लाव तसंच. पण मी मोबाईलवर टाकून बघितलं तर एक ॲप ताशी 113 घनमीटर सांगतंय आणि दुसरं 136. राउंडिंगने एवढा फरक पडत नाही हो. वर आमचा अप्रेंटिस विचारतोय की खडकवासल्याचे क्युसेक पण असेच दोन प्रकारचे असतात का. कोणी नीट सांगेल का?

कोथरूडचा_मेकॅनिकल
भाऊ दोन्ही ॲप बरोबर आहेत, गॅलन वेगळा आहे. ब्रिटिश म्हणजे इम्पिरियल गॅलन 4.546 लिटरचा, अमेरिकन 3.785 चा. इंग्लंडमध्ये आधी वाइनचा वेगळा, बिअरचा वेगळा असे दोन तीन गॅलन चालायचे, 1824 च्या कायद्याने ते सगळे बंद करून 10 पौंड पाणी म्हणजे एक गॅलन असं ठरवलं. अमेरिकेने मात्र जुना वाइनचा 231 घनइंचाचाच धरून ठेवला. म्हणून 500 इम्पिरियल म्हणजे 600 अमेरिकन जीपीएम. साहेबांचं ऐकून तसंच लावलंस तर क्लायंटला सहावा हिस्सा पाणी कमी मिळेल आणि पंप तिथे पोचल्यावर कळेल, तेव्हा इंपेलर (पंपाच्या आतलं फिरतं चाक) बदलत बसायचं. मोटर पण बदलते बघ. पंपाची एफिशियन्सी 70 टक्के धर, 113 ला साडेतेरा किलोवॅट लागतात म्हणजे 15 ची मोटर चालून जाईल, 136 ला सोळाच्या वर जातं म्हणजे 18.5 चीच घ्यावी लागेल. केबल स्टार्टर सगळं त्यावर.
हेडचे फूट दोघांचे सारखेच, तिथे काही भानगड नाही.

पाटबंधारे_निवृत्त
क्युसेकचं मी सांगतो, आयुष्य त्यातच गेलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, यात गॅलन येतच नाही त्यामुळे पुण्यातला, लंडनमधला, अमेरिकेतला क्युसेक एकच. 28.3 लिटर पर सेकंद. त्यामुळे गॅलनचा घोळ झाला की आधी घनफुटावर यायचं आणि मग पुढे जायचं, एका घनफुटात इम्पिरियल गॅलन 6.23 आणि अमेरिकन 7.48, म्हणजे एक क्युसेक म्हणजे साधारण 374 इम्पिरियल जीपीएम किंवा 449 अमेरिकन. तुमच्या अप्रेंटिसला म्हणावं तुमचा अख्खा पंप इम्पिरियल धरला तर सव्वा-दीड क्युसेकच्या मधे कुठेतरी.
शेतीत आम्ही असं धरायचो, एक क्युसेक तासभर सोडला की एकरभर रानात एक इंच पाणी उभं राहतं. जवळपास बरोबर बसतं. आणि 11,574 क्युसेक चोवीस तास चालले की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट. आता 35 हजार क्युसेक सोडले अशी बातमी आली की करा हिशोब, दिवसाला तीन टीएमसी होतात, आणि खडकवासला स्वतः पूर्ण भरला तरी दोन टीएमसीच्या आत आहे! पानशेत वरसगावच्या मानाने फारच लहान. म्हणून वरून पाणी आलं की ते सोडावंच लागतं, लोक विचारतात आधी का नाही अडवलं, अडवणार कुठे?

सदाशिव_पेठी
काका माहिती उत्तम, फक्त आमच्या नळाचा हिशोब पण सांगा. 20 लिटरची बादली भरायला 40 सेकंद. मी काढला, 0.018 क्युसेक येतो. इम्पिरियल जीपीएम साडेसहा, अमेरिकन आठच्या जवळ. यापुढे पाहुण्यांना अमेरिकनच सांगणार, तेवढंच जास्त वाटतं.

फायरवाला_पिंपरी
आमच्या लाइनीत पण हेच होतं. सोसायट्यांत फायरचे मेन पंप नेहमी 2280 एलपीएमचे (मिनिटाला लिटर) बघितले असतील, ते 500 इम्पिरियलच्या अगदी जवळ आहेत, पण अमेरिकन स्टँडर्डचा 500 जीपीएमचा फायर पंप म्हणजे 1893 एलपीएम. टेंडरमध्ये नुसतं 500 जीपीएम लिहिलं की दोघं दोन भाव देतात आणि दोघंही खरे. एमजीडीचंही (दिवसाला दहा लाख गॅलन) तसंच, एक एमजीडी इम्पिरियल असेल तर 4.55 एमएलडी (दिवसाला दहा लाख लिटर), अमेरिकन असेल तर 3.79.

भोसरीचा_फिटर
सगळ्यांचे आभार. क्लायंटला मेल टाकलाय, अजून उत्तर नाही. ड्रॉइंगचा पुसट कोपरा झूम करून बघितला, 22 बीएचपी (पंपाच्या शाफ्टला लागणारी हॉर्सपॉवर) असं काहीतरी वाचता येतंय. त्याचा काही उपयोग?

कोथरूडचा_मेकॅनिकल
अरे हे आधी सांगायचं ना, यातूनच निघतं. इम्पिरियलला जीपीएम गुणिले फूट भागिले 3300 म्हणजे पाण्याची हॉर्सपॉवर, कारण गॅलन 10 पौंडाचा आणि एक एचपी म्हणजे मिनिटाला 33,000 फूट-पौंड. अमेरिकनला तोच भागाकार 3960 ने. आता 50,000 भागिले 3300 म्हणजे 15.15, त्याला 22 ने भागलं तर एफिशियन्सी 69 टक्के, त्या काळच्या पंपाला अगदी शोभते. 3960 ने केलं तर 12.6 येतात आणि एफिशियन्सी 57, या साइजच्या सेंट्रिफ्युगलला एवढी वाईट कोणी विकत नाही. गॅलन इम्पिरियलच आहे. अमेरिकन कर्व्हवर 600 ला 100 फूट देणारा पंप बघ, पण मेलचं उत्तर आल्याशिवाय पीओ (खरेदीची ऑर्डर) सोडू नकोस आणि आपल्या जीए ड्रॉइंगवर (एकंदर मांडणीच्या) जीपीएम लिहूच नको, ताशी 136 घनमीटर लिही.

पाटबंधारे_निवृत्त
आणि तो 22 चा आकडा 32 नाही ना ते पुन्हा बघा, स्कॅनमध्ये दोन आणि तीन सारखेच दिसतात.