सिंथ घेताना काय बघायचं: टोनची संख्या की आवाज घडवायची सोय?

नवीपेठकर: सोलापुरात गणपती, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत वाजवणारी आपली पोरं कीबोर्ड घ्यायला गेली की पहिला प्रश्न, "टोन (तयार आवाज) किती आहेत?" कटऑफ (फिल्टर कुठून कापतो), रेझोनन्स (त्या जागेचा सूर किती उठतो) आणि एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो) यांचे नॉब हाताशी नसतील तर तो सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड, घेऊच नये, असं माझं मत. १९७० च्या मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर (मूळ लहर काढणारे भाग) आणि ऑक्टेव्हला २४ डेसिबलने वरचे सूर कापणारा एकच लो-पास फिल्टर. तेवढ्यावर लोकांनी काय काय बेस काढले! कोर्ग मिनिलॉगचंही तसंच: फिल्टर दोन-पोल (सौम्य कापणारा) हवा की चार-पोल (जास्त तीव्र), ते एका स्विचवर ठरतं.

ऑर्केस्ट्रावाला: आणि मिनिलॉगवर पाचवा सूर दाबला की आधीचा एक तुटतो, ते पण सांगा की! चार आवाज, ३७ कीज. हुतात्मा स्मृती मंदिरात लावणीला पेटी, पुढच्याच गाण्याला शहनाई आणि स्ट्रिंग्ज लागतात. तिथं नॉब फिरवत बसणार का? रोलंड एक्सपीएस-३० या तयार टोनच्या कीबोर्डवर टोन बदलायला क्षण पुरतो. शिवाय मिनिलॉगसारख्या सिंथमधल्या व्हीसीओचा, म्हणजे विद्युतदाबावर चालणाऱ्या ऑसिलेटरचा, सूर तापमानाबरोबर सरकतो. मे महिन्यात उघड्या मांडवात, ४० अंशांच्या वर, मला ती जोखीम नको.

नवीपेठकर: उष्णतेचं मान्य, पण त्याला डीसीओ, म्हणजे डिजिटल नियंत्रणाचा ऑसिलेटर, आहे. १९८४ च्या जुनो-१०६ मध्ये ऑसिलेटरला डिजिटल घड्याळ ताल देतं, म्हणून सूर हलत नाही. फिल्टर मात्र अ‍ॅनालॉगच. आणि सँपलची, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्डिंगची, शहनाई म्हणाल, तर तिच्यात कंप आधीच रेकॉर्ड झालेला असतो. मूळ सँपलपेक्षा वर वाजवा, कंपही जलद होतो. कान असलेल्याला ते लगेच खटकतं.

डीएक्सभक्त: दोघंही फिल्टरच्या पलीकडे बघायला तयार नाहीत. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये फिल्टरच नव्हता! त्यात एफएम, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवून आवाज काढायची रीत: सहा ऑपरेटर (लहर काढणारे भाग), ते जोडायचे ३२ अल्गोरिदम. मॉड्युलेटरची, म्हणजे दुसऱ्याला हलवणाऱ्या ऑपरेटरची, पातळी वाढली की सूर उजळतो, आणि ती पातळी बोटाच्या जोरावर सोडता येते. हळू दाबा, मऊ. जोरात दाबा, घंटेसारखा खणखणीत. आवाज बोटांनी घडवायचा असेल तर याहून जिवंत रीत मला माहीत नाही. आज यामाहाच्याच मोडएक्समध्ये आठ ऑपरेटरचं एफएम-एक्स आणि सँपल, दोन्ही एकाच कीबोर्डात मिळतात.

ऑर्केस्ट्रावाला: एफएम शिकायला चिकाटी लागते हो, डीएक्स-७ चा तो छोटा डिस्प्ले आठवा. बहुतेकांनी तयार टोनच वाजवले. माझ्या एक्सपीएसमध्येही कटऑफ, रेझोनन्स, एलएफओ (आवाजाला कंप देणारी संथ लहर) आहेतच, आणि कंप कमी असलेला सँपल निवडून, बेंडची (सूर वर-खाली सरकवायच्या दांडीची) रेंज दोन सुरांवर ठेवून मींड काढता येते. नुसती मेन्यूत जायची तयारी हवी.

नवीपेठकर: मेन्यूत गेलात की हात वाद्यावरून सुटतो, माझा आक्षेप तोच आहे. गाणं चालू असताना फिल्टर उघडत न्यायचा, तर नॉबच पाहिजे. पोरांनी दुकानात टोन मोजण्याआधी एकच सॉटूथ लहर (करवतीच्या दातांसारखी, वरच्या सुरांनी भरलेली) लावून कटऑफ शेवटपर्यंत फिरवावा. आवाज पायऱ्यापायऱ्यांनी तुटत बदलला, तर तो कीबोर्ड मी घेणार नाही.