शेतात सापडलेलं परदेशी नाणं कसं ओळखावं?

माळरान:
मालकाच्या परवानगीने नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवत होतो. वीतभर खाली हे नाणं निघालं. काळपट करडं आहे, व्यास २४ मिमी, चुंबक चिकटत नाही. एका बाजूला एकमेकांत गुंतलेल्या रेघांची नक्षी आहे. दुसऱ्या बाजूला अरबी वळणाची अक्षरं आणि खाली चार आकडे. पहिला सरळ दांडी, तिसरा इंग्रजी नवासारखा. फोटो जोडलाय. कुठलं असेल? आणि साफ कसं करू?

खणखणीत:
आधी साफसफाईचं, कारण नाणी तिथेच बिघडतात. लिंबू, टूथपेस्ट, ब्रश यांतलं काहीही लावू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मऊ कापडाने नुसतं टिपून घ्या. घासलंत तर मातीचे कणच ओरखडे पाडतात. चांदीवरचा काळा थर असू द्या. तो काढला की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत उतरते.

शिक्कामोर्तब:
ती नक्षी म्हणजे तुघ्रा, ऑटोमन (तुर्की) सुलतानाची सही. तुमचा फोटो उलटा आहे. तीन उभ्या दांड्या वर आणि अंड्याच्या आकाराचे फासे डावीकडे आले की नाणं सुलटं झालं.

आता आकडे. अक्षरं उजवीकडून वाचायची, पण आकडे आपल्यासारखे डावीकडूनच. सरळ दांडी म्हणजे १. दांडीला वर एक दात असेल तर २, दोन दात असतील तर ३. झूम करून पाहिलं, मला १२९३ दिसतंय. हे हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेचं साल आहे. आपलं इसवी साल काढायला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, १८७६ येतं. म्हणजे सुलतान दुसरा अब्दुल हमीद.

पण नाणं १८७६ चं असेलच असं नाही! ऑटोमन नाण्यांवर सुलतान गादीवर आला ते साल असतं आणि राज्यारोहणानंतरचं कितवं वर्ष, हा आकडा वेगळा असतो. तो लहानसा आकडा शोधा. अब्दुल हमीदने १९०९ पर्यंत राज्य केलं, त्यामुळे फरक तीसेक वर्षांचा पडू शकतो. तुघ्र्याच्या उजवीकडे एक छोटा शब्द आहे का तेही बघा. तो 'अल-गाझी' असेल तर अगदी सुरुवातीची वर्षं बाद.

खणखणीत:
वजन केलंत का? इजिप्तच्या नाण्यांवरही हाच तुघ्रा आणि हेच १२९३ असतं, टांकसाळीचं नाव मात्र 'मिस्र' (म्हणजे इजिप्त), एकच आखूड शब्द. कॉन्स्टँटिनोपलचं (आजचं इस्तंबूल) नाव चांगलंच लांब दिसतं. कुरुश हे ऑटोमन चलन; चांदीचं पाच कुरुशचं नाणं ६.०१ ग्रॅम, व्यास २४ मिमी. इजिप्तच्या चलनातलं, पाच किर्शचं, ७ ग्रॅम आणि थोडं मोठं. दोन दशांश दाखवणारा काटा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही.

पातळ पितळी नकलाही पुष्कळ सापडतात. त्या पोशाखावर शिवायला केलेल्या, त्यांच्यावरचा तुघ्रा नुसता गिचमिड असतो. भोक मात्र खऱ्या नाण्यांनाही पाडत, दागिन्यात ओवायला. तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

माळरान:
केवढी मदत केलीत! वजन ५.९३ ग्रॅम. टांकसाळीचं नाव लांबलचक आहे. उजवीकडे छोटा शब्द आहे, आणि तुघ्र्याच्या बाजूला दोन सारखेच आकडे, दोघांनाही दोन-दोन दात.

शिक्कामोर्तब:
मग ३३ वं वर्ष. १२९३ हे पहिलं धरायचं, म्हणून ३२ मिळवा: १३२५ हिजरी, साधारण १९०७. पाच कुरुश, ८३० चांदी (हजारात ८३० भाग), थोडं झिजलेलं. नुमिस्ता या नाण्यांच्या ऑनलाइन सूचीत ऑटोमन साम्राज्याखाली अब्दुल हमीद काढून तुमच्या फोटोशी ताडून बघा. नाणं दुर्मीळ नाही, पण अक्षरं फार छान उरली आहेत, जपा.

आणि नेमकी जागा व खोली आजच लिहून ठेवा. सापडलेली जुनी वस्तू कळवण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. त्या शेतात पुन्हा डिटेक्टर न्यायच्या आधी तुमच्याकडचे वाचून घ्या.