माउंजारो सुरू करायचंय. दुष्परिणामांच्या बातम्या कितपत खऱ्या?

वऱ्हाडकर: बहिणीला डॉक्टरांनी माउंजारो हे आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन, २.५ मिग्रॅ, लिहून दिलंय. वय ४४, मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या चालू आहेत. व्हॉट्सॲपवर रोज नवीन येतं: डोळे जातात, स्वादुपिंड सुजतं, थायरॉइडचा कॅन्सर होतो. यातलं खरं किती? आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात इंजेक्शनचं पेन ठेवायचं कसं?

ओपीडी_सकाळची: बातम्या बाजूला ठेवा, आधी ग्लिमेपिराइडचं बघा. टिर्झेपटाइडने, म्हणजे माउंजारोतल्या औषधाने, एकट्याने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन जोडीला असेल तर उतरते. जेवण निम्म्यावर येतं, गोळी मात्र तेवढीच राहते. पहिलं इंजेक्शन टोचण्याआधीच गोळीचा डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटलं तर लगेच साखर तपासायची, ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची.

थायरॉइडचा ट्यूमर उंदरांमध्ये दिसला, माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. तरीही घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर हे औषध घ्यायचंच नाही. स्वादुपिंडाची सूज क्वचित येते, पण येते. बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली तर पुढचं इंजेक्शन न घेता थेट हॉस्पिटल. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून रात्र काढू नका. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडेही होतात, तेव्हा दुखणं उजव्या बरगडीखाली असतं.

डोळ्यांची बातमी मुख्यतः सेमाग्लुटाइड या याच जातीच्या दुसऱ्या औषधाची, म्हणजे ओझेम्पिक आणि वेगोव्हीची. दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा तुटण्याचा हा प्रकार युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये ‘अतिशय दुर्मीळ’ म्हणून नोंदवला, १०,०००त फार तर एक. मधुमेहींना त्याहून जवळची काळजी वेगळीच आहे: डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) आधीच खराब असेल आणि साखर एकदम खाली आली तर तो आणखी बिघडू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.

काउंटरवरून: पेनचं सांगतो. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका, एकदा गोठलं की ते फेकायचं. वापरायला घेतलेलं ३० अंशांच्या आत ३० दिवस चालतं; अकोल्यात मे महिन्यात घरातच ३५ असतं, तेव्हा तेही फ्रीजमध्येच. दुकानातून नेताना आइस पॅक आणि पेन यांच्यामध्ये कापड हवं.

चार आठवड्यांच्या पेनमध्ये चार डोस झाल्यावरही थोडं औषध दिसतं. ते सिरिंजने ओढून ‘पाचवा डोस’ करणारे भेटतात. तसं करू नका, मापही चुकतं आणि जंतुसंसर्गही होतो. सुई दरवेळी नवी, टोचल्यावर लगेच काढायची. लावून ठेवली तर औषध गळतं आणि आत हवा शिरते.

थाळी_आणि_प्रथिनं: बहुतेकांना छळते ती मळमळ, आणि ती डोस वाढवला की जास्त जाणवते. २.५ वर निदान चार आठवडे, मग ५. त्रास होत असेल तर आहे त्याच डोसवर आणखी थांबता येतं, डॉक्टरांशी बोला. पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे दुपारची तर्रीदार मिसळ रात्रीपर्यंत छातीशी बसते. अर्धी भाकरी, वाटीभर घट्ट वरण, दही, आणि पोट भरलं असं वाटताच ताट बाजूला. उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, घोट-घोट. पाणीसुद्धा टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण मूत्रपिंडाला इजा होते ती या कोरडेपणातूनच.

वजनासोबत स्नायूही जातात. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिनं, एका अंड्यात ६. आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच, नुसतं चालणं पुरत नाही.

वऱ्हाडकर: खूप आभार. एखादा आठवडा चुकला तर?

काउंटरवरून: चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्यायचं, त्यानंतर सोडून द्यायचं आणि पुढच्या ठरल्या वारी. दोन डोसांत तीन दिवसांचं अंतर हवंच.

ओपीडी_सकाळची: दोन गोष्टी राहिल्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सुरुवातीला आणि दर डोसवाढीनंतर चार आठवडे निरोधही वापरावा, गोळी नीट शोषली जात नाही. आणि कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी दुर्बिणीची तपासणी असली तरी, भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनबद्दल आधीच सांगा. उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असतं आणि भुलीत ते फुफ्फुसात जाऊ शकतं. दुष्परिणाम दिसला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर नोंदवा, रुग्णाला स्वतःला नोंदवता येतो.