१९५९ च्या ट्रायम्फ टीआर३ए वर मूळचे हॉर्न कोणते?

प्रश्न (सातारा)

नमस्कार. आमच्याकडे १९५९ सालची ट्रायम्फ टीआर३ए ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. इंजिन, ब्रेक आणि वायरिंग ही मोठी कामे उरकली असून आता गाडी हॉर्नपाशी अडली आहे. गाडीवर सध्या एकच हॉर्न आहे. तो शंखासारखा वळलेला असून त्यावर काळ्या रंगाचे इतके थर चढले आहेत की, 'ल्युकास' हे विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचे नाव आणि 'एच' हे अक्षर यापलीकडे काही वाचता येत नाही. दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटवर मधल्या कोणा मालकाने ट्रॅक्टरचा हॉर्न बसवला होता, तो आम्ही काढून टाकला.

पुण्याच्या नाना पेठेतील एका विक्रेत्याने '९एच' असा शिक्का असलेली ल्युकासची जोडी दाखवली. ती स्वच्छ आहे, वाजतेही उत्तम, आणि 'त्या काळच्या सगळ्या इंग्लिश गाड्यांना हेच हॉर्न असायचे' असे तो छातीठोकपणे सांगतो. ही जोडी घ्यावी, की सध्याच्या हॉर्नचा जोडीदार शोधावा? आणि आहे तो तरी मूळचाच आहे, हे कशावरून ठरवावे?

उत्तर १ (मिरज)

९एच ची जोडी घेऊ नये. तो हॉर्न ल्युकासचाच आहे, परंतु तो एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवरचा आणि साठच्या दशकातील तिच्या पिढीच्या गाड्यांवरचा. एमजीबी बाजारात आली १९६२ साली, म्हणजे आपली गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर. टीआर३ए ला ल्युकासच्या विंडटोन प्रकारातील डब्ल्यूटी ६१८ ची जोडी येत असे, एक उंच स्वराचा आणि एक खालच्या स्वराचा. आपल्या हॉर्नवरील 'एच' म्हणजे उंच स्वर. हरवलेल्या जोडीदारावर 'एल' असले पाहिजे.

जुन्या बाजारात फिरताना आधी प्रकार ओळखावा, क्रमांक नंतर वाचावा. त्या काळी ल्युकासचे मुख्यतः दोन प्रकार होते. एकात पडद्यालाच (आतील कंप पावणाऱ्या पातळ पत्र्याला) एक चकती जोडलेली असते आणि आवाज तीच देते. हा हॉर्न चपटा असतो आणि त्याचा स्वर कर्कश लागतो. दुसरा विंडटोन. यात पडदा कर्ण्यातील हवेला कंप देतो आणि स्वराची उंची ठरते ती त्या हवेच्या स्तंभाच्या लांबीवर. त्यामुळे 'एल' चा कर्णा 'एच' पेक्षा लांब असतो, आणि अक्षर झिजून गेले असले तरी दोन्ही हॉर्न शेजारी ठेवले की फरक लगेच लक्षात येतो. विक्रेत्याने दोन 'एच' एकत्र बांधून 'जोडी' म्हणून पुढे केले, तर इथेच त्याची लबाडी उघडी पडते.

जोडी जुळली का, हे कानानेही तपासता येते. खालचा स्वर षड्ज धरला तर वरचा गंधाराच्या आसपास लागतो. आमच्या गावात तंबोरा लावणाऱ्या कोणाही कारागिराला हे ऐकताक्षणी कळेल, अर्थात त्याच्या दुकानात हॉर्न वाजवण्याची परवानगी मिळाली तर.

उत्तर २ (सांगली)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र डब्ल्यूटी ६१८ हा क्रमांक सापडला म्हणजे हॉर्न आपल्याच गाडीचा ठरला, असे होत नाही. हाच हॉर्न त्या दशकातील इतरही ब्रिटिश गाड्यांवर होता. निर्णय होतो तो तारखेच्या शिक्क्यावर. ल्युकास आपल्या वस्तूंवर महिना आणि वर्ष ठोकत असे. '३ ५९' असे दिसले तर तो मार्च १९५९ चा माल. सुटा भाग आधी बनतो, मग गाडीच्या कारखान्यात पोहोचतो आणि त्यानंतर गाडीवर चढतो, त्यामुळे हॉर्नची तारीख गाडीच्या तारखेच्या काही महिने आधीची असणे स्वाभाविक आहे. ती गाडीनंतरची निघाली, तर तो हॉर्न नंतर बसवलेला आहे हे नक्की.

यासाठी गाडीची स्वतःची तारीख हवी, आणि ती आरसी पुस्तकावर विसंबून ठरवू नये, कारण त्यात अनेकदा नोंदणीचेच वर्ष असते. 'टीएस' ने सुरू होणारा कमिशन क्रमांक, म्हणजे कारखान्याने दिलेला गाडीचा क्रमांक, गाडीच्या पट्टीवर असतो. तो देऊन इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र शुल्क भरून मागवता येते. त्यात गाडी तयार झाल्याची तारीख मिळते, शिवाय मूळ रंग आणि गाडी कोणत्या बाजारपेठेसाठी बनली हेही कळते.

आता शिक्का वाचण्याविषयी, कारण बहुतेकांचे नुकसान इथेच होते. हॉर्न सँडब्लास्टिंगला मुळीच देऊ नये आणि पावडर कोटिंगही करू नये. पहिल्याने शिक्का झिजतो आणि दुसऱ्याने बुजतो. रंगाचे थर पेंट रिमूव्हरने मऊ करून लाकडी चमच्याच्या दांड्याने उतरवावेत, रॉकेलने पुसून घ्यावे आणि पूर्ण कोरडे झाल्यावर त्या जागी बोटाने खडूची भुकटी चोळावी. वरची भुकटी पुसली की ठोकलेल्या खाचांत पांढरी रेघ उरते, आणि टॉर्च आडवा धरला की इतका वेळ न दिसणारा आकडा स्पष्ट वाचता येतो.

जोडीदार शोधताना 'ल्युकास-टीव्हीएस' हे नाव दिसल्यास पुढे शोध घेण्याचे कारण नाही, कारण ती कंपनीच १९६१ साली स्थापन झाली. तसेच आपल्याकडे 'विंडटोन' म्हणून दुकानदार सर्रास देतात तो कोइमतूरच्या रूट्सचा हॉर्न असतो. हॉर्न म्हणून तो चांगला आहे, परंतु मूळच्या हॉर्नशी त्याचा नावापुरताच संबंध.

उत्तर ३ (कराड)

हॉर्न विकत घेण्यापूर्वी वाजवून पाहताना तो शिकंज्यात घट्ट पकडावा. हातात धरून वाजवला तर चांगला हॉर्नही घोगरा बोलतो आणि सौदा उगाच मोडतो. मुळीच न वाजणारा हॉर्न मात्र स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्यावा, कारण पुष्कळदा आतील पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्कबिंदू) फक्त काळे पडलेले असतात आणि बारीक पॉलिश पेपरने घासून ते पुन्हा चालतात. पडदा तडकला असेल तर गोष्ट वेगळी.

ही जोडी दहा अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते, म्हणून नव्या वायरिंगमध्ये तिला बारीक वायर दिलेली नाही ना, हे पाहून घ्यावे. गाडी मूळची पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले. कोणी ती बदलून निगेटिव्ह केली असली तरी या हॉर्नना त्याने फरक पडत नाही, कारण आत विद्युतचुंबक आहे.

प्रश्नकर्ता (सातारा)

सर्वांचे आभार. ९एच च्या जोडीला नकार कळवला आहे. खडूच्या भुकटीने क्रमांक डब्ल्यूटी ६१८ असाच निघाला. वर्ष '५९' स्पष्ट दिसते, महिन्याच्या आकड्यावर मात्र अजून रंग आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करत आहे. कोणाच्या पाहण्यात १९५९ चा 'एल' आला, तर तो बंद असला तरी चालेल, कृपया येथे कळवावे.