मदत हवी आहे: नागरी सहकारी बँकेत मुख्य कार्यकारी अधिकारीपदासाठी पुढची चार वर्षे कशी आखावीत?

नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील एका नागरी सहकारी बँकेत मी १९ वर्षे नोकरी करीत असून सध्या कर्ज व वसुली विभागात सहायक सरव्यवस्थापक आहे. वय ४३. बँकेच्या ठेवी साधारण ६०० कोटींच्या घरात, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या वर्गवारीनुसार आम्ही दुसऱ्या स्तरात मोडतो. आमच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मुदत चार वर्षांनी संपेल आणि त्या वेळी त्या पदासाठी माझ्या नावाचा गांभीर्याने विचार व्हावा, अशी माझी इच्छा आहे. हे घराबाहेर मी प्रथमच बोलत आहे.

आतापर्यंत हे पद तीनही वेळा राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांच्या अनुभवाविषयी आदरच आहे. मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील थकबाकीचा वसुली दाखला निबंधक कार्यालयातून कसा मिळवायचा आणि त्याला किती फेऱ्या पडतात, हे प्रत्येकाला पहिले वर्षभर आमच्या विभागानेच समजावून सांगितले, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

या पदासाठीचे रिझर्व्ह बँकेच्या जून २०२१ च्या परिपत्रकातील निकष मी वाचले आहेत. वय ३५ ते ७० च्या दरम्यान, पदवी, शक्यतो सीएआयआयबी (बँक कर्मचाऱ्यांची प्रगत व्यावसायिक परीक्षा) किंवा सहकारी व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदविकेसारखी पात्रता, आणि मध्यम किंवा वरिष्ठ व्यवस्थापन स्तरावरील किमान आठ वर्षांचा अनुभव. नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची पूर्वमान्यताही लागते. मी बी.कॉम. असून २००९ मध्ये जीडीसी अँड ए (सहकार व लेखा विषयांची शासकीय पदविका) उत्तीर्ण झाले. २०१४ ते २०२० शाखाधिकारी होते, त्यानंतर आजच्या पदावर. यातील शाखाधिकारीपदाची सहा वर्षे मध्यम व्यवस्थापनात धरली जातात की नाही, आणि जीडीसी अँड ए समकक्ष मानतात का, या दोन प्रश्नांवर बँकेत ज्यांना ज्यांना विचारले त्यांची उत्तरे परस्परविरोधी आहेत.

खरी अडचण मात्र निराळी आहे असे मला वाटते. दोन महिन्यांपूर्वी तपासणी अहवालाचा अनुपालन अहवाल, म्हणजे त्यातील त्रुटींवर बँकेने काय केले याचे उत्तर, संचालक मंडळापुढे गेला. त्यातील कर्ज, थकबाकी आणि तरतुदींचा सगळा भाग मी लिहिला होता. बैठक चालू असताना मी सभागृहाबाहेरच्या खुर्चीवर फाइल मांडीवर घेऊन बसले होते. अडीच तासांत मला दोनदा आत बोलावले गेले: एकदा एका खात्याची थकीत रक्कम सांगण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा, ‘मॅडम, चहाचं सांगितलंय ना?’ एवढे विचारण्यासाठी. गुंतवणूक विभागाचे काम मी कधीच केलेले नाही. रोखे, तरलता, ठेवींच्या व कर्जांच्या मुदतींचा मेळ, यांविषयी वाचून जेवढे कळते तेवढेच कळते.

सध्या पुण्यातील एका मोठ्या नागरी बँकेकडून जोखीम व्यवस्थापन विभागासाठी विचारणा झाली आहे. पगार जवळपास तितकाच, पद मात्र एक पायरी खालचे. मुलगी यंदा दहावीला आहे, आणि यजमान जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असल्यामुळे आंतरजिल्हा बदलीचा प्रश्न किती बिकट असतो हे वेगळे सांगायला नको. पुण्याला जाऊन मोठ्या बँकेचा अनुभव घ्यावा, की इथेच राहून उणिवा भरून काढाव्यात? या मार्गाने गेलेल्या कोणी, विशेषतः बँकेतूनच वर चढलेल्या कोणी, आपला अनुभव सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

नमस्कार ताई. मी एका नागरी बँकेत लिपिक म्हणून लागलो आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून निवृत्त झालो, तेव्हा थोडे अधिकाराने लिहितो.

शाखाधिकारीपदाबद्दल वाद घालत बसू नका. तुमच्या बँकेच्या सेवानियमांत श्रेणींची उतरंड काय लिहिली आहे ते पाहा, आणि प्रत्येक पदाच्या तारखा, मंजुरीचे अधिकार व हाताखालील कर्मचारी यांसह अनुभवाचे प्रमाणपत्र आजच मागून ठेवा. चार वर्षांनी ते देणारा माणूस खुर्चीवर असेलच असे नाही. जीडीसी अँड ए उत्तम परीक्षा आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. जेएआयआयबी ही आधीची पायरी आणि मग सीएआयआयबी द्या. चार वर्षांत ते सहज बसते, आणि सीएआयआयबीच्या वैकल्पिक विषयांत जोखीम व्यवस्थापन आहे, तोच घ्या.

पुण्याला खालच्या पदावर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ज छाननीला येतो तेव्हा उतरलेली पायरी आधी दिसते, तिचे कारण नंतर. तेच पद देत असतील तर विचार करा. अन्यथा आपल्याच बँकेत दोन वर्षांसाठी गुंतवणूक विभाग मागून घ्या. कर्ज आणि वसुली तुम्हाला येते हे सर्वांना ठाऊक आहे. गुंतवणुकीचे कामही येते हे कोणालाच ठाऊक नाही.

राहता राहिली ती बाहेरची खुर्ची. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार तुमच्याकडे संचालक मंडळाखेरीज वेगळे व्यवस्थापन मंडळ असणार. त्यात बँकिंग, लेखा, कायदा असे विषय जाणणारी माणसे असतात आणि मुख्य कार्यकारी अधिकारीही पदसिद्ध बसतात. अनुपालन अहवाल ज्याने लिहिला त्यानेच तो तिथे मांडावा, अशी विनंती करा. संचालकांची मते गावात बनतात. या मंडळींची मते टिपणी ऐकून बनतात, असा माझा अनुभव आहे. रिझर्व्ह बँकेकडे नाव जाण्यापूर्वी ते तुमच्याच बँकेत आधी कोणाच्या तरी तोंडी यावे लागते.

मूळ प्रश्नकर्ती

आपण इतके सविस्तर लिहिलेत, मनःपूर्वक आभार. प्रमाणपत्राचा अर्ज आज दिला. जेएआयआयबीची नोंदणी या आठवड्यात करते. पुण्याला मात्र समान पद असेल तरच, असे कळवले असून त्यांच्या उत्तराची मी फारशी वाट पाहणार नाही. एकच शंका उरते: गुंतवणूक विभागाची मागणी आधी साहेबांकडे (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे) करावी की अध्यक्षांकडे? आमच्याकडे दोघांचे फारसे जमत नाही.

प्रतिसाद

साहेबांकडेच, आणि लेखी. अध्यक्षांना नंतर त्यांच्याकडूनच कळू द्या. अर्जात मुख्य कार्यकारी अधिकारीपदाचा उल्लेख चुकूनही नको. ‘विभागीय अनुभवाच्या दृष्टीने’ एवढेच लिहा, आणि वसुलीचे काम कोणाकडे सोपवता येईल त्याचे नाव खाली सुचवा, म्हणजे ‘मग वसुली कोण बघणार?’ हा पहिला नकार तिथेच संपतो.